तिसऱ्या अंकातला म्हातारा

चांगला मेला होता हो म्हातारा! व्यवस्थित मेला होता — डोळे मिटलेले, हात छातीवर, अंगावर चादर — आणि कोणीतरी त्याला उठवला. कोणी, ते मला माहीत नाही. वर गॅलरीतला कोणीतरी गाढव. सापडला ना, तर विचारणार आहे मी त्याला — बाबा रे, मेलेल्यांना उठवायचं काम आजवर एलिया संदेष्ट्याकडे होतं, ते तुझ्याकडे कधीपासून आलं? — हो, हो, हळू बोलतो. झोपतंय का बाळ? झोपू दे. बसा इथे बाकावर, शेंगांची टरफलं तेवढी झटका. आपल्या मंडळींनी बाक तेवढा खायचा शिल्लक ठेवलाय. गोंगाटानं उठलं असेल, नाही का? उठणारच! जिथे मेलेला माणूस उठतो तिथे झोपलेल्या पोराची काय कथा.

म्हणजे तुम्ही शेवट बघितलाच नाही? पोरगा दारात आला, लोक ओरडायला लागले, हे रडायला लागलं आणि तुम्ही बाहेर पडलात — वा! सबंध थिएटरात एकच शहाणं माणूस, आणि त्याला अजून दात यायचेत. पुढं काय झालं म्हणता? सांगतो की. माझ्याइतकं चांगलं कोण सांगणार, मीच लिहिलंय ते. हो, मी. लेखक. असं बघू नका, बाहेर जाहिरातीवर नाव आहे माझं — सगळ्यांत वर लाझर ग्लोटमन, त्यांच्या मिशांसकट, मग ती गाणारी मोलकरीण, मग वाजंत्रीवाले, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या जरासं वर, नोसन ब्रेगमन. डोळ्यांवर ताण दिला तर दिसतं.

तर माझ्या नाटकात — आज दुपारपर्यंत जे माझं होतं त्या नाटकात — एक म्हातारा आहे. कोटांच्या कारखान्यात इस्त्री करतो. पोराला कॉलेजात घालतो. पोरगा शिकतो. आणि शिकला की काय होतं? शिकला की त्याला वास यायला लागतो — ओल्या लोकरीचा, कांद्याचा, बापाचा. निघून जातो. म्हातारा आजारी पडतो, वाट बघतो, मरतो, आणि मग पोरगा येतो. उशिरा. दारात उभा राहतो, आणि एक शब्द बोलत नाही. एक शब्द नाही! पडदा. संपलं. त्या एका शांततेवर मी सबंध हिवाळा घालवलाय बाई. शब्द काय, कोणीही लिहील. पण आपल्या ज्यू लोकांच्या रंगभूमीवर आजपर्यंत कोणी गप्प बसलंय का? सांगा ना, बसलंय? आपली रंगभूमी जन्मलीच मुळी रुमानियातल्या दारूच्या बागेत, टेबलावर उभं राहून, पेल्यांच्या वरताण ओरडत — तिथं गप्प बसणाऱ्याला कोण विचारणार? पुढं रशियात झारनं बंदी घातली, म्हणून ती ट्रंका-बिऱ्हाडासकट जहाजात बसली आणि इथे न्यूयॉर्कात उतरली, आणि उतरल्यापासून ओरडतेच आहे. आधी पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले यरुशलेमचे राजे ओरडले, मग टाकलेल्या बायका ओरडल्या, मग दोघांनी मिळून गाणं म्हटलं. पहिल्या अंकात प्रेत, दुसऱ्यात लग्न, तिसऱ्यात सोयीप्रमाणे दोन्ही. नटांना पाठांतराला वेळ नसतो, तेव्हा प्रॉम्प्टर पेटीत बसून एवढ्या मोठ्यानं वाचतो की लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा मिळतं. एकाच तिकिटात! मग का नाही येणार लोक?

आणि येतात तरी कसे. सहा दिवस यंत्रावर वाकायचं, आणि सातव्या दिवशी इथे सेकंड अव्हेन्यूला येऊन दुसऱ्या कोणाची तरी पाठ मोडलेली बघायची — वर म्हणायचं, अहाहा, काय बरं वाटलं! रडायला मिळालं नाही तर फसवलं म्हणतात. माझी एक मावशी आहे, ती नाटक चांगलं की वाईट हे रुमालावरून ठरवते. पिळून बघते. — नको, भूक नाही मला. मासा? तळलेला? कालचा? नाही, थंडच चांगला लागतो, पण नको. — बरं, द्या. एवढासा. पावाबरोबर द्या.

आज कोणाचा खेळ आहे, ठाऊक आहे ना? ल्युबिश्कावासी बंधुमंडळाचा. अच्छा, तुमचे यजमानही ल्युबिश्काचेच? मग आपण गाववालेच की! मी बघितलेलं नाही ते गाव, आईच्या कडेवर असताना निघालो, पण बघायची गरजच पडली नाही — सबंध गाव इथे रिव्हिंग्टन रस्त्यावर उचलून आणलंय, चिखल तेवढा तिकडे राहिला, आणि त्याचीही मंडळींना आठवण येते. तर मंडळानं सगळं थिएटर आजच्या दुपारपुरतं घाऊक विकत घेतलं, आपसात तिकिटं खपवली, आणि जो नफा होईल त्यातून — कशाला? — स्मशानाला कुंपण! आता गंमत बघा. हे मंडळ निघालं ते माणसं नीट पुरावीत म्हणून. वर्गणी त्याची, सभा त्याच्या, भांडणं त्याची, कोणाच्या शेजारी कोणाला पुरायचं यावरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत. आणि या लोकांनी, या पुरण्यात हयात घालवलेल्या लोकांनी, माझा एक — एकच — म्हातारा मरू दिला नाही!

पण थांबा, क्रमानं सांगतो. दुसऱ्या अंकात पोरगा सिगारेट पेटवतो. नाटकात लिहिलंय तसं. तो शिकलेला, मोकळा झालेला, बापाच्या घरात उभा राहून सिगारेट पेटवतो, त्यात त्याचं सगळं बंड आहे. काल्मन — पोराचं काम करणारा नट — त्यानं काडी काढली मात्र, सगळं थिएटर फिस्कारलं. सापांची टोपली उघडावी तसं! "शब्बाथला, विसाव्याच्या पवित्र दिवशी, काडी ओढतोस? लाज नाही वाटत?" कोण म्हणतंय हे? जे स्वतः शब्बाथला, दिवसाढवळ्या, प्रार्थनाघरातून निघून सरळ नाटकाला आलेत ते! मांडीवर शेंगा, शेजारी बायको, समोर रंगवलेल्या बाया — ते चालतं. कारण ते बघताहेत. करतोय काल्मन. पाप त्याला लागणार. आणि काल्मन तरी कसला बंडखोर? घाबरला, काडी खिशात घातली, आणि न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून धूर सोडल्यासारखं फू फू करत राहिला. हे माझं बंड! लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, पोरगा मनानं चांगला आहे.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मधे मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण. पेसाखभाऊ मासेवाले. पडद्यासमोर आले, घसा खाकरला, आणि म्हणाले, बंधू-भगिनींनो, आपला म्हातारा पुढच्या अंकात मरणार आहे असं मला आतून कळलंय. आतून कळलंय! एक वर्ष मी लिहितोय, आणि हा माणूस ते पडद्यासमोर येऊन सांगतो. पुढं म्हणाला, आता विचार करा, हा गरीब मेला, तर याला कुठं पुरायचं? कुंपण नसलेल्या जागेत? जिथं शेजारच्या शेतकऱ्याच्या शेळ्या येऊन थडग्यांवरचं गवत खातात? बायकांनी तिथंच रुमाल डोळ्यांना लावले. — शेळ्यांचं खरं आहे म्हणा. मीही बघितलंय. आईच्या दगडावर एक उभी होती. पांढरी. मी हाकलली, तर बाबा म्हणाले, राहू दे रे, तिला सोबत होईल — जाऊ दे. मुद्दा तो नाही.

मुद्दा तिसरा अंक. म्हातारा मेला. लाझर ग्लोटमन मरण्यात पटाईत, हे मान्य केलंच पाहिजे, एरवी प्रत्येक वाक्याला छाती पिटतात पण मरताना हात आवरतात. शेजारीण चादर ओढते. निघून जाते. रिकामी खोली, खाटेवर म्हातारा, खुंटीवर त्याचा कोट. दार उघडतं. पोरगा. उभा राहतो. आता शांतता! मी विंगेत उभा, नखं तळहातात रुतवून — आणि सगळं थिएटर उसळलं. "आता आलास होय, हरामखोरा!" "कॉलेजात हेच शिकवलं का?" "बघ, तोंड बघ बापाचं!" काल्मनच्या कानावरून अर्धं खाल्लेलं सफरचंद गेलं. तिथंवर ठीक होतं, खरं सांगतो, मला तिथंवर बरंच वाटत होतं — म्हटलं, चिडताहेत, म्हणजे लागलंय कुठंतरी. शिव्या द्या, हवं तेवढं मारा त्याला, पण त्याला गप्प राहू द्या! आणि त्या गदारोळात एक क्षण सगळे एकदम श्वास घ्यायला थांबले, आणि तेवढ्यात वरून, अगदी वरून, गॅलरीच्या मागच्या कठड्यापासून, एक आवाज आला. फाटका, घोगरा. सर्दी झाल्यासारखा. पोराला काही बोलला नाही तो. काल्मनकडं बघितलंही नसेल त्यानं. तो मेलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला — "ऊठ ना रे बाबा! पोरगं दारात उभं आहे. थंडी आहे बाहेर."

बास. एवढंच.

तुम्हीही? तुमच्याही डोळ्यांत? अहो बाई, तो मेलेला आहे! मेलेल्या माणसाला थंडीचं सांगून काय उपयोग? पण नाही — सगळं थिएटर उभं राहिलं. "ऊठ! ऊठ! पोरगं आलंय!" जे आत्ता काल्मनला फाडून खायला निघाले होते ते आता म्हाताऱ्याच्या मागं लागले. बायका हात जोडताहेत. पेसाखभाऊ पहिल्या रांगेतून ओरडताहेत की, कुंपणाचं नंतर बघू, आधी ऊठ! आणि मी विंगेतून बघतोय — लाझर ग्लोटमनचा एक डोळा उघडला. एकच. मोजत होता तो, बाई, मोजत होता की, किती लोक उभे आहेत. मग दुसरा डोळा. मग चादर बाजूला झाली, आणि माझा म्हातारा, ज्याला मी एवढ्या कष्टानं मारला, तो उठून बसला आणि म्हणाला, "ये रे आत. दार लाव. जेवलास का?" हे वाक्य माझं नाही! कुठंही लिहिलेलं नाही! प्रॉम्प्टरनं हातातले कागद पेटीबाहेर फेकले. काल्मन — ज्याला मी महिनाभर गप्प उभं राहायला शिकवलं — धावत गेला आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यांत डोकं घालून खरोखरीचा, नाक वाहेपर्यंत रडला. टोप्या उडाल्या. कोणाची तरी संत्री वाजंत्रीवाल्यांवर पडली. आणि मी इथे येऊन बसलो.

ऐका. ऐकू येतंय? सनई— नाही, क्लॅरिनेट. चौथा अंक! मी तीनच लिहिलेत. आत या क्षणी माझ्या नाटकाचा चौथा अंक चाललाय आणि त्यात लग्न आहे. कोणाचं? मला काय माहीत! मोलकरणीचं आणि काल्मनचं असावं, तिचं गाणं राहिलं होतं. ऐका, म्हातारा नाचतोय. पाय आपटण्यावरून ओळखतो मी ग्लोटमनला. मघाशी छातीवर चादर होती, आता नाचतोय.

तुम्ही मघापासून खुर्चीचं काय सांगताय? कोणी घेत नाही तुमची खुर्ची, सगळे उभे आहेत आत. राहू द्या. माझं ऐका. मला काय वाटतं ठाऊक आहे? आपण लोक सहन करू शकत नाही, खरं बघू शकत नाही, म्हणून आपलं काही होत नाही. इतर लोकांची मोठमोठी नाटकं आहेत, त्यांत माणसं मरतात आणि मेलेलीच राहतात, लोक बघतात, घरी जातात, रात्रभर जागतात, विचार करतात. आपल्याला रात्रभर जागायचं नसतं. आपल्याला सकाळी कारखान्यात जायचं असतं. मी कॉलेजात सभेत हेच बोललो होतो, आणि वल्हांडण सणाच्या जेवणालाही हेच बोललो — की हे सगळं, हे ग्रंथवाचन, हा कडू पाला, हा एलियासाठी भरून ठेवलेला पेला, हेही नाटकच आहे, आणि तेही बिनप्रेक्षकांचं. टेबलाशी आम्ही दोघंच होतो. बरोबरच बोललो मी. अजूनही म्हणतो. त्यांनी पोथी मिटली. म्हणजे — नाटकातला म्हातारा मिटतो, पहिल्या अंकात, बघितलंत ना? तसंच. एलियासाठी दार उघडतात ना जेवणानंतर, ते उघडंच होतं. मी त्यातून बाहेर पडलो. शेजारीण सांगते, सकाळपर्यंत दार लावलं नाही त्यांनी. उघडं! या भागात! चोर आले असते म्हणजे? शेजारीण म्हणते, मीही तेच म्हटलं, तर म्हणाले, एलिया अजून यायचाय. एलिया! मी आठवडाभरानं वही-पुस्तकं घ्यायला माणूस पाठवला. स्वतः नाही गेलो. काय बोलायचं जाऊन? मी लिहिणारा माणूस आहे, माझं म्हणणं मी लिहून मांडतो. मांडलं. तीन अंकांत मांडलं. आणि तालमी बघून आलेल्या लोकांनी त्यांना जाऊन काय सांगितलं? गेदाल्ये, तुझ्या पोरानं तुला स्टेजवर चढवून मारलं. झालं! याला म्हणतात नाट्यसमीक्षा.

ते माझेच वडील आहेत असं मी कुठं म्हटलं? इस्त्रीवाले काय एकच आहेत न्यूयॉर्कात? नाटकातला म्हातारा इस्त्री तापली का ते ओठांशी धरून बघतो — हाताला नाही, ओठांना, कारण हातांची कातडी मेलेली असते. ते काय एकटेच करतात? — सगळे करतात. मी एवढ्याच एकाला बघितलंय, पण सगळे करत असतील.

आज येणार नाहीतच ते. शब्बाथला नाटक! ज्यांनी जन्मात शब्बाथला दोरी ओढून गाठ मारली नाही! पण मंडळाचे सभासद आहेत, आणि कुंपण म्हणजे — आई आहे ना तिथं. पुण्याचं काम. म्हणून मी सहज, पेसाखभाऊंबरोबर निरोप धाडला, की एक तिकीट ठेवलंय. दारावरच्या फिशलकडे. फिशलची पेटी बघितलीत का तुम्ही? फार मोठी संस्था आहे ती. शब्बाथला खिशात काही घालून रस्त्यानं चालायचं नाही, कागदसुद्धा नाही, म्हणून भाविक मंडळी शुक्रवारीच तिकिटं फिशलपाशी ठेवतात आणि आज रिकाम्या हातांनी, ताठ मानेनं, देवासमोरून चालत नाटकाला येतात. देवानंही म्हणे आता फिशलकडे चौकशी करायला सुरुवात केलीय. तर त्या पेटीत एक तिकीट माझं. पहिला अंक सुरू व्हायच्या आधी पडद्याच्या भोकातून बघितलं मी, सहज, पण पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीवर अख्खा पक्षी बसवलेला, त्याच्या शेपटीमागं काही दिसेना. फिशलला विचारलं असतं तर हा म्हातारा उठल्यापासून तोही आत जाऊन नाचतोय. पेटी उघडी टाकून! नाही, मी बघितलं पेटीत. म्हणजे, सहज डोकावलो. रिकामी आहे. पण रिकामी असणं म्हणजे काय? फिशलनं कोणाला तरी विकलं असेल.

कडेची खुर्ची मागून घेतली होती. तिसरी रांग, डावी बाजू. कडेची अशासाठी की गुडघे आखडतात त्यांचे, पाय बाहेर पसरायला — काय झालं? तुम्ही उभ्या का राहिलात? बाळ उठेल. बसा ना. रडताय कशाला, मी काही दुःखाचं बोलत नाहीये, खुर्चीबद्दल बोलतोय.

आता हे ऐका! "लेखक! लेखक!" येतंय ऐकू? पाय आपटताहेत. पद्धतच आहे यांची, लेखकानं पडद्यासमोर येऊन वाकायचं, अध्यक्षानं त्याच्या गळ्यात पडायचं. मी जाणार नाही. कोणत्या नाटकासाठी वाकू? ज्यानं लिहिलंय त्याला बोलवा! त्या गॅलरीतल्या घोगऱ्याला आणा खाली, त्याला हार घाला, त्यानं केलंय हे सगळं, एका वाक्यात — मला तीन अंक लागले आणि जमलं नाही ते — म्हणजे, जमलं होतं! पूर्ण जमलं होतं! तुम्ही असं का बघताय माझ्याकडं? काय सांगायचंय तुम्हाला मघापासून? सांगा ना मग — थांबा, हा बघा, आला फिशल, टोपी हरवून आला. अहो फिशलकाका! नाही, मी येत नाही स्टेजवर, सांगा त्यांना, लेखक घरी गेला, लेखक मेला, त्यालाही उठवा म्हणावं. ऐका ना — ते तिकीट — मी ठेवलं होतं ते, गेदाल्ये ब्रेगमन यांच्या नावाचं — कोणी नेलं का? नाही, मला काही नाही, सहज विचारलं —

"तुझ्या बापाचं? ते तर पडदा उघडायच्या आधीच घेऊन गेले की. आणि दारातच या बाईंच्या कडेवर लेकरू बघितलं, तर आपली खुर्ची यांना देऊन टाकली आणि स्वतः वर गॅलरीत जाऊन उभे राहिले — मी म्हटलं, गेदाल्ये, तुमचा घसा बसलाय, वर वारा येतो, तर ऐकतायत कुठं! आता तर ओरडून ओरडून आवाज पारच गेलाय त्यांचा. काही विचारायचं असेल तर जवळ जाऊन विचार."